बाईसाहेबांची सुई

४ तारीख

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

खुब्याचं ऑपरेशन उद्या. तीन आठवडे तरी इथून हलता येणार नाही म्हणतात. चाळीस वर्षं बाइंडिंगच्या यंत्राशेजारी बसून तू कानांचं वाटोळं करून घेतलंस, फोनवर तुला काही ऐकू येत नाही, म्हणून हे पत्र.

बाईसाहेबांना तुझ्या हवाली केलंय खरं, पण जीव टांगणीला लागलाय. बारा वर्षांची मांजर, त्यात मधुमेह. मी दिलेला कागद फ्रिजवर चिकटव. इन्सुलिन सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला, दोन दोन युनिट, मानेमागची कातडी चिमटीत धरून. एकही वेळ चुकवायची नाही. आणि कृपा करून स्वतःचं डोकं चालवू नकोस. कागदावर आहे तेवढंच करायचं.

तुझ्या खोड्या काढल्याशिवाय जिला चैन पडत नाही ती,
ताई

७ तारीख

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

ऑपरेशन नीट झाल्याचा वॉर्डातून निरोप आला, जीव भांड्यात पडला.

बाईसाहेब आल्यापासून माझ्या टेबलाखाली पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यामागे बसून आहेत. मला पाहिलं की फिसकारतात, सुई मात्र गुपचूप टोचून घेतात. मी आयुष्यभर सुई चालवली, पण ती कागदात.

एक विचारायचं होतं. ती नीट खात नाही. काल दोन घास खाल्ले, आज सकाळी नुसतं हुंगून गेली. तरी सातच्या ठोक्याला दोन युनिट दिली. खाल्लं नाही तर काय करायचं, ते तू लिहिलेलं नाहीस. उत्तर येईपर्यंत कागदाप्रमाणेच चालतो.

तुझी मर्जी राहो,
धाकटा

९ तारीख, दुपार, प्राण्यांच्या दवाखान्यातून

ती. ताईस,
शि. सा. न.

कसं लिहू कळत नाही. आज सकाळी तिने वाटीला तोंड लावलं नाही. सातला सुई दिली. साडेदहाच्या सुमारास ती टेबलाखालून बाहेर आली, झोकांड्या खात खळीच्या डब्यावर आदळली आणि आडवी झाली. पाय ताठ, तोंडाला फेस. ॲप्रनमध्ये गुंडाळून धावत इथे आणली.

डॉक्टरीणबाईंनी आधी हिरड्यांना साखरेचं पाणी चोळलं, मग शिरेतून ग्लुकोज सुरू केलं. खाल्लं नव्हतं तर सुई का दिली, असं त्यांनी विचारलं. मी खिशातून तुझा कागद काढून पुढे केला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि घडी करून परत दिला. अजून ती शुद्धीवर नाही. मी बाकावर बसून आहे.

धाकटा

९ तारीख, दुपार

चि. धाकट्यास,
अ. आ.

तुझं सात तारखेचं पत्र आत्ता मिळालं. अरे, उपाशी जनावराला इन्सुलिन देतात का? साखर खाली जाऊन मरेल ती. खाल्लं नाही तर सुई नाही, ताबडतोब डॉक्टरीणबाईंना गाठायचं. एवढी साधी गोष्ट या वयात तुला कळू नये? नर्सबाईंनी त्यांच्या दवाखान्यात दोनदा फोन लावला, कुणी उचलतच नाही. पत्र पोचायला दोन दिवस. तोवर काय काय करून ठेवशील कोण जाणे.

ताई

११ तारीख

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

दवाखान्यातून लिहिलेलं पत्र मिळालं. पुढचं अजून नाही. नर्सबाई पुन्हा फोन लावायला तयार होत्या, मीच नको म्हटलं. जे काय असेल ते परक्या आवाजात ऐकवणार नाही मला.

चूक माझी आहे. आधी खाणं, मग सुई, असं डॉक्टरीणबाईंनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. माझ्याकडे तिने कधी वाटीत कण ठेवला नाही, म्हणून ते लिहायचं सुचलंच नाही. वर तुलाच डोकं चालवू नकोस म्हणून दटावलं. नऊ तारखेला तुला नको ते बोलले, ते पत्र फाडून टाक.

ती असेल, तर यापुढे मला विचारल्याशिवाय एक थेंबही कमीजास्त करू नकोस. नसेल, तर तेही तुझ्याच अक्षरात कळव.

तुझीच,
ताई

१४ तारीख

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

बाईसाहेब जिवंत आहेत. नऊ तारखेच्या रात्री डोळे उघडले, पण दोन दिवस डॉक्टरीणबाईंनी खात्री दिली नाही, म्हणून मला लिहवलं नाही. परवा घरी आणली. डावा मागचा पाय जरा ओढते.

तुझा राग आला होता, खोटं कशाला बोलू? पण चूक एकट्या तुझी नाही. कागद तुझा होता, डोळे माझे होते. तीन दिवस भरलेली वाटी दिसत होती आणि तरी मी सुई भरत होतो, कारण ताईने सांगितलंय. सदुसष्टाव्या वर्षी असं वागणाऱ्याला काय म्हणायचं ते तूच ठरव.

डॉक्टरीणबाईंनी आता एकच युनिट सांगितलंय, आणि अर्ध्याहून कमी खाल्लं तर तेही द्यायचं नाही. आज सकाळी तिने निम्म्याहून थोडं कमी खाल्लं होतं. थोडंच. सात वाजले. तुझं अकरा तारखेचं पत्र समोर पडलं होतं. मी वाटी उजेडात नेऊन नीट पाहिली आणि इन्सुलिनची बाटली परत फ्रिजमध्ये ठेवली. तुला विचारलं नाही, आणि यापुढे विचारणारही नाही.

लोभ आहेच, रागावून तो कमी करू नकोस,
धाकटा