पास्कूसाठी केळ्याचा गोळा

मालवण, शुक्रवार, ७ फेब्रुवारी १९५८

पास्कूच्या पोटात चार दिवस अन्न नाही. काल त्याने केळ्याचा गोळा मागितला. आम्ही दोघे बोटीवर खलाशी असताना मोंबाशाच्या बंदरात एक हबशी म्हातारी केळी पानात वाफवून, घोटून द्यायची, तोच.

आज मी कच्ची राजेळी केळी तशीच वाफवली, मीठ घालून घोटली. पण माझ्या घरी. पास्कूच्या सुनेसमोर चुलीशी बसायची लाज वाटली. अर्धा कोस चालेपर्यंत गोळा थंड होऊन दगड झाला. म्हातारी तो गरमच हातावर ठेवायची, हे मी कसे विसरलो?

पास्कू हसला. "बाबल्या, बोटीचो नांगर हाडलंस काय रे?"

एक घास घेतला, पण गिळता येईना. सुनेने बोट घालून तो काढला आणि ती म्हणाली, "काका, चूल हंय पेटलेलीच होती."

डॉक्टर म्हणतात, फार तर रविवारपर्यंत. उद्या तिथेच करीन, सून हसली तर हसू दे. पण उद्या त्याचे तोंड उघडेल ना?

उरलेला गोळा मी घरी येऊन पाण्याबरोबर खाल्ला. चव अगदी तीच होती.