चांदीचं पहिलं वेत

नळदुर्ग

प्रिय आत्या,

तुम्ही गेल्याचा निरोप माझ्यापर्यंत आला तेव्हा तुमचं तेरावंसुद्धा होऊन गेलं होतं. परंड्याहून निघालेला माणूस वाटेतच अडकला. निजामाचा अंमल गेल्यापासून गाड्यांचा काही भरवसाच राहिलेला नाही. तुमचं तोंड बघायला मिळालं नाही, मग बोलायचं कुठं? म्हणून लिहायला बसले.

चांदीचं ते पहिलं वेत आठवतं का तुम्हाला? मला ते विसरता येत नाही.

आतोबा करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर जमादार होते. ते वारल्यावर तुम्ही एक ट्रंक आणि त्यांची म्हातारी, कारवानी जातीची शिकारी कुत्री घेऊन आमच्या घरी राहायला आलात. चांदी तिच्याच पोटची. लांब तोंडाची, कमरेत बारीक, पळायला लागली की पाय दिसायचे नाहीत. तालुक्यातली माणसं पिल्लू मागायला यायची आणि तुम्ही त्यांना ओट्यावर बसवून उलट प्रश्न विचारायचात. बांधून ठेवणार का? सावली आहे का? पिल्लू नको झालं तर परत आणून देणार का? निम्मे लोक चहा न घेताच उठून जायचे. विधवा बाईनं कुत्र्यांच्या माजाबिजाचं बघावं हे आईला मुळीच पटायचं नाही. तुम्ही मात्र मला जवळ बसवून सगळं दाखवायचात. “यात लाजायचं काय? जीव जन्माला येतो त्यात,” म्हणायचात.

चांदी पहिल्यांदा माजावर आली तेव्हा तुम्ही अण्णांना बजावून सांगितलं होतं, “अजून तिचं हाड भरलं नाही. या खेपेला नर दाखवायचा नाही.” आणि तुम्ही देवीच्या दर्शनाला तुळजापूरला गेलात.

का गेलात हो? अण्णांचा स्वभाव तुम्हाला ठाऊक नव्हता का? ते तहसील कचेरीत कारकून, आणि तिथले त्यांचे वरचे अधिकारी, पेशकारसाहेब, यांनी कधीतरी सहज विचारलं होतं, चांदीला पिल्लं झाली तर एखादं मिळेल का म्हणून. तेवढ्यावर अण्णा साहेबांचा थोराड कुत्रा साखळीला धरून घरी घेऊन आले. मला आणि आईला आत पाठवलं, दार लोटून घेतलं.

तुम्ही परत आलात. चांदी कोपऱ्यात अंग चाटत बसली होती. तुम्ही तिची शेपटी उचलून पाहिली, आणि तुमचा चेहरा असा झाला की मला पाणी द्यायचंही सुचलं नाही.

“अण्णा, कोण आलं होतं?”

अण्णा म्हणाले, “साहेबांचा कुत्रा. जातिवंत आहे. तुला काय पाहिजे अजून?”

तुम्ही त्यांच्याकडे पाठ केलीत. माझ्याकडे वळलात. “वच्छे, खिडकीतून पाहिलंस ना? गाठ पडली होती का?”

बापासमोर या प्रश्नाचं उत्तर द्यायचं! माझे कान तापले. मी मान खाली घालून सांगितलं, “पडली होती. दोघं पाठीला पाठ लावून लई वेळ उभी होती. अण्णांनी काठीनं सोडवायला पाहिलं.”

“सोडवायला?” तुम्ही चांदीला पुन्हा तपासलंत, कुठं जखम झाली का म्हणून. अण्णा ताडकन उठून कचेरीला निघून गेले.

मग ते वाट बघण्याचे दिवस. घरात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. मी विचारलं, “गाठ पडली म्हणजे राहिलीच का हो?” तुम्ही म्हणालात, “न्हाई गं. गाठ पडूनही रिकामी राहते, आणि न पडताही कधी राहते. वाट बघायची.” तिला रानात फिरवायचात, पण पळू द्यायचा नाहीत. अण्णा जेवायला बसले की विचारायचे, “काय झालं मग?” तुम्ही ताटाकडे बघून म्हणायचात, “अजून कळत नाही.” तुम्ही मनातून ती गाभण न राहण्याची प्रार्थना करत होतात, हे मला दिसत होतं.

महिना होत आला तसं चांदीनं भाकरीवरचं तोंड काढलं. तिची सडं गुलाबी दिसायला लागली. मी आनंदानं सांगायला आले, तर तुम्ही म्हणालात, “यानंही फसायला होतं. खोटी गाभण असली तरी सडं भरतात.” एका सकाळी तुम्ही तिला उभं करून बोटांच्या टोकांनी पोट चाचपलंत, अगदी हळू. मलाही हात लावू दिला नाहीत, “दाबलं तर पिल्लू आतल्या आत जाईल,” म्हणून. बराच वेळ गेला. मग तुम्ही हात काढून घेतलात आणि पदरानं डोळे पुसलेत. “राहिली,” एवढंच म्हणालात.

त्याच आठवड्यात जवळच्या वाशी गावचे पाहुणे मला बघायला आले. मला तेरावं सरलं होतं. पसंती झाली, वैशाख ठरला. त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत.

चांदीला कळा सुरू झाल्या त्या भर दुपारी. तिनं गोणपाट उकरून उकरून फाडलं. कळांवर कळा येत होत्या आणि पिल्लू काही पुढं येत नव्हतं. ती तुमच्याकडे बघायची, ते बघणं मला सोसेना. अण्णा कचेरीतून आले, शेरवानी अंगावर तशीच. आई हात लावायला तयार नव्हती. तुम्ही म्हणालात, “अण्णा, खाली बस. डोकं धर तिचं.”

आणि अण्णा बसले. तुम्ही हाताला गोडं तेल लावलंत. कळ आली की हळूच खाली ओढायचं, कळ गेली की थांबायचं. चांदी ओरडली तेव्हा अण्णांनी डोळे मिटून घेतले.

“मिटू नको,” तुम्ही म्हणालात. “त्या वेळीही तू तोंड फिरवलं होतंस.”

“कोणत्या वेळी?”

“बाळंतपणाला मला माहेरी न्यायला तूच गाडी घेऊन आला होतास. मी आपल्या वच्छीपेक्षा थोडीच मोठी होते. तीन दिवस अडले. पोर गेलं, आणि पुन्हा काही माझी कूस उजवली नाही. तेव्हा सासरी कुणी म्हटलं नाही, हिचं हाड भरलं नाही म्हणून.”

आई म्हणाली, “वन्सं, कुत्रीशी पोरीची बरोबरी कशाला?” तिला राग आला होता. तेवढ्यात पुढची कळ आली.

पहिलं पिल्लू मेलेलंच निघालं. मोठ्या डोक्याचं, बापावर गेलेलं. त्यानंतर दोन जिवंत आली. चांदी वाचली, पण कितीतरी दिवस तिला उठून उभं राहता येत नव्हतं.

पेशकारसाहेब बघायला आले. चांदीची ती दशा पाहून ते खाली वाकले आणि अण्णांना म्हणाले, “मैंने कब बोला था, अब्बीच करो करके? ये तो बच्ची है.” पिल्लू न नेताच ते गेले. अण्णा ओट्यावर बसून राहिले. शेरवानीवरचा रक्ताचा डाग त्यांनी धुवायलाही दिला नाही.

चार दिवसांनी त्यांनी वाशीला माणूस पाठवला. काय कारण सांगितलं ते मला आजवर माहीत नाही. ते स्थळ मोडलं. आई महिनाभर तुमच्याशी बोलली नाही, आणि मी पुढं पाच वर्षं माहेरी राहिले, शाळेत गेले, मोठी झाले.

आत्या, एका गोष्टीचा मात्र मला तुमच्यावर राग आहे. इतकी वर्षं मी तुमच्या कुशीत झोपले आणि तुमच्या त्या बाळाचं मला कुत्रीच्या गोणपाटापाशी कळलं. मुलगा होता का मुलगी? नाव मनात ठेवलं होतंत का? माझ्या बाळंतपणाला तुम्ही आलात तेव्हाही विचारीन विचारीन म्हणत राहिले. पण धीर झाला नाही.

आता इथलं सांगते. माझी धाकटी नणंद चंपी बारा वर्षांची आहे, अजून सागरगोटे खेळते. काल मामंजींनी तिच्यासाठी एक स्थळ आणलं. घरदार चांगलं आहे, सगळे खूश आहेत. या घरात सून सासऱ्यासमोर बोलत नाही. यांना सांगितलं तर म्हणाले, “वडील बघतील, तू मध्ये पडू नको.”

मी पडणार आहे. उद्या मामंजी जेवून ओट्यावर बसले की मी त्यांच्यासमोर जाऊन बसेन, आणि तुमचं सगळं सांगेन, तुमचं नाव घेऊन. रागावले तर रागावू देत. माहेरी धाडलं तर परंड्याला येईन. पण ऐकून घेतल्याशिवाय मी त्यांना उठू देणार नाही.

तुमची,
वच्छी