सर्व्हरवरची हिरवी पुडी

सोमवार, ८ सप्टेंबर
लॅपटॉप फारच कुंथत होता. आज सगळा पुसून नवी सिस्टीम टाकली. कोणाला विचारलं नाही. शिन्चू शहरात या धंद्यात केस पिकले माझे.
कामाचं फोल्डर आधीच पेनड्राइव्हवर काढलं होतं. त्यात माझा तीन आठवड्यांचा जीव अडकलाय: केकच्या कारखान्यातला ओव्हन जास्त तापला की इशारा देणारा भाग. शुक्रवारी कारखान्याची माणसं तो बघायला येणार. अजून सर्व्हरवर चढवला नाही. अर्धवट काम दाखवायची मला सवय नाही. शेजारची पेइ-रू रोज मागे लागायची, छाय दादा, आहे तसं चढवा ना. आज नाही लागली. शिकतेय पोरगी.
ऑफिसच्या चॅट ग्रुपमध्ये नव्या सिस्टीमवरून अजून परत शिरलो नाही. काय शांतता आहे.
सिस्टीम चढेपर्यंत भूक लागली. सर्व्हरच्या कपाटावर ठेवलेली हिरवी पुडी फोडून खाल्ली. मशीन शहाण्यासारखं वागावं म्हणून इथे सगळेच ठेवतात. इंजिनिअर म्हणवतात आणि मक्याच्या कुरकुऱ्यांवर भरवसा. चव बरी होती.

मंगळवार, ९
फोल्डर लॅपटॉपवर हलवलं. पेनड्राइव्ह रिकामा झालेला बरा. पण लॅपटॉप म्हणतो, हे फोल्डर कुठल्या सर्व्हरचं, मला ठाऊक नाही. पेइ-रू म्हणाली, ती ओळख एका लपलेल्या फोल्डरमध्ये असते, ते कॉपी करायचं राहिलं वाटतं तुमचं. म्हटलं, मुद्दामच सोडलं.

बुधवार, १०, सकाळ
आज फोल्डर सर्व्हरला जोडणारच. पेइ-रू म्हणाली, आधी एक प्रत बाजूला ठेवा हं दादा. ठेवणार आहे. जेवून आल्यावर.

दुपार
जेवायच्या आधीच जोडलं. सर्व्हरशी तंतोतंत जुळव, असा हुकूम सोडला. लॅपटॉपने मुकाट ऐकला. आमच्या टीमच्या को साहेबांना कळवलं, जोडणी यशस्वी.

चहानंतर
तंतोतंतच जुळलंय. सर्व्हरवर नव्हतं ते इथेही उरलं नाही. माझा ओव्हनचा इशारा गेला. पेनड्राइव्ह बघितला. रिकामा.

गुरुवार, ११
सगळं डोक्यात आहे, एका दिवसात पुन्हा लिहू. संध्याकाळपर्यंत बटणाचा रंग ठरला.
पेइ-रूने विचारलं, पुडी कुठे गेली. मला काय माहीत, म्हटलं. मग तिला माझ्या टेबलाखाली रिकामी पिशवी दिसली. तिने ती उचलून, घडी घालून माझ्या टेबलावर ठेवली. ते जास्त लागलं.
नंतर पिशवीवरची तारीख बघितली. ऑगस्टमध्येच संपलेली. मग मशीन बिथरणारच. यात माझा काय दोष?

शुक्रवार, १२
को साहेबांना खरं सांगायला गेलो. साहेब म्हणाले, कुठला भाग? तो पेइ-रूने सोमवारीच एका दुपारीत लिहून चढवला की. तुमची किती वाट बघायची? ग्रुपवर टाकलं होतं. बुधवारी सर्व्हरशी जुळवलंत ना, म्हणजे तुमच्याकडेही आलाय. उघडून तर बघा.
उघडला. चालतो. माझा जास्त सखोल होता. आता कोणाला दाखवू?
कारखान्याची माणसं खूश होऊन गेली. जाताना अननसाच्या केकचा खोका पेइ-रूच्या हातात दिला. तिने पहिला केक मला दिला. अर्धाच खाल्ला.
साहेबांनी माझ्यावर नवी जबाबदारी टाकली आहे. सर्व्हरवरच्या पुडीची तारीख बघायची, आणि ती कोणी खात नाही ना, तेही.
संध्याकाळी नवी हिरवी पुडी आणली. तारीख दोनदा तपासून ठेवली. भूक लागली होती, तरी ठेवली.