डिस्कले कुठी जायचं असते?

वडसा,
१२ जानेवारी २००६

प्रिय उमेरा,

आधी हे पत्र पूर्ण वाच, मगच पिशवीला हात लाव. तुझ्या अम्मीने टाके मुद्दाम घट्ट घातले आहेत, कारण तुझा उतावळेपणा आम्हा दोघांनाही चांगला ठाऊक आहे. वजन बघून तुला वाटेल, अम्मीने खायला काहीतरी पाठवलं. नाही पाठवलं. तोंडाला सुटलेलं पाणी आवर आणि बापाचं ऐक.

तुझं मागचं पत्र मी दुकानात गिऱ्हाईक नसताना पुन्हा पुन्हा वाचलं. आलापल्लीच्या सागवानाचं, सासूबाईंच्या हातच्या सालनाचं सगळं छान लिहिलं आहेस. सासर चांगलं मिळालं याचा आनंद आहेच. पण मधेच एका ओळीत लिहून गेलीस की टीव्हीवर मालिका बघताना ‘इथे कापायला हवं होतं’ असं तोंडातून निघतं आणि घरचे हसतात. आणि पुढे, ‘अब्बा, माझा हात हे काम विसरून तर जाणार नाही ना?’ ती ओळ मला काही सोडेना. चार वर्षं तू या कॉम्प्युटरसमोर बसून वडशाची अर्धी लग्नं आणि वामनरावांच्या कंपनीची सगळी नाटकं कापलीस, जोडलीस. तो हात असा फुकट जाऊ द्यायचा म्हणजे काय?

आता इकडची गंमत ऐक. तू गेल्यावर एडिटिंग मीच करू लागलो. कॅमेरा माझा आणि कात्री तुझी, असं आपलं चालायचं. मला वाटलं, त्यात काय मोठंसं! दिवाळीनंतर वामनरावांचं नवीन नाटक शूट केलं. रात्रभराचं नाटक, सात टेपा भरल्या. आपल्या कॉम्प्युटरची डिस्क चाळीस जीबीची आणि एका तासाच्या टेपेला तेरा जीबी लागतात, हे तूच मला शिकवलं होतंस. म्हणजे नाटक एकदम आत मावतच नाही. तू तुकड्या-तुकड्याने उतरवून, कापून, पुसून जागा करायचीस ते मी हजारदा पाहिलं होतं. मी मात्र डोकं चालवलं. म्हटलं, नाटकात जे नाटक नाही ते आधी काढून टाकावं, जागा आपोआप होईल. गाणं ऐन रंगात येतं, कोणीतरी बक्षीस देतो, पेटीवाला थांबतो, माइकवर त्याचं नाव पुकारलं जातं, मग गाणं पुन्हा सुरू. ही सगळी थांबाथांब मी चाळून चाळून काढली. नाटक काय सरळ पळायला लागलं! मी स्वतःवरच खूश. अम्मीला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, चांगलं आहे, पण काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. मी म्हटलं, तुला त्यातलं काय कळतं.

आठवड्याने कुरुडचा डोमा दुकानात आला. तोच, उंच, पांढऱ्या टोपीचा, दरवर्षी नायिकेच्या गाण्याला बक्षीस देणारा. त्याने सीडी नेली होती, शेजाऱ्यांना, सोयऱ्यांना बोलावून टीव्हीसमोर बसवलं होतं. सीडी काउंटरवर ठेवून अगदी हळू आवाजात म्हणाला, “कमरूभाऊ, सारं गाव बसून राह्यलं होतं. गाणं आलं, गाणं गेलं. माहं नाव कुठी गेलं जी?” भांडला असता तर बरं झालं असतं. तो बिचारा खरंच शोधत होता, जणू नाव टीव्हीच्या मागे पडलं असेल. त्याच्यामागून आणखी लोक आले. तेव्हा माझ्या टाळक्यात प्रकाश पडला की आपल्याकडे सीडी घेणारा नाटकासाठी घेतो हे खरंच, पण पुकारलेलं नाव तो जन्मभर ऐकणार असतो. तुला हे कोणी शिकवलं नव्हतं, तरी तू एकही नाव कधी कापलं नाहीस. बरं की टेपा जपून ठेवल्या होत्या. मी पुन्हा उतरवून सगळ्यांची नावं परत बसवली, डोमाला नवीन सीडी घरपोच दिली आणि त्याच्या घरी पोटभर जेवून आलो.

वामनराव मात्र हसले नाहीत. म्हणाले, “पोरीवानी काम होत असन तं सांगा, नाई तं यंदाचं दुसरं नाटक ब्रह्मपुरीवाल्याले देतो.” मी छातीठोक सांगितलं, पोरीसारखंच होईल. सांगून बसलो, आणि दुसऱ्या दिवशी हार्ड डिस्क आणायला गाडीने चांदा गाठलं.

दुकान सुनिल नावाच्या मुलाचं, मोठा हुशार आणि बडबड्या. त्याने माझ्यापुढे एक कॉम्प्युटरच्या आत बसवायची डिस्क ठेवली, दोनशे जीबीची. व्हिडिओसाठी हीच घ्या म्हणाला, वेगात चालते, जागाही जास्त. शेजारी दुसरी होती, डब्यातली, बाहेरून वायरने लावायची. ती जागेला कमी, एकशे साठ जीबी, आणि भाव तिचाच जास्त. कोणीही शहाणा माणूस पहिली घेईल. मी विचारलं, डबेवाली पडली तर काय होतं? हादरे बसले तर? धूळ गेली तर? सुनिल माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, “भाऊ, डिस्क टेबलावर राह्यते. तिले कुठी जायचं असते?” मी म्हटलं, असते एकेकीला जायची हौस. मग त्याने गंभीरपणे समजावलं की चालू असताना हलवायची नाही, बंद करून नीट गुंडाळून नेली तर काही होत नाही. मी डबेवाली बांधून घेतली. त्याने नक्कीच मनात मला येडं ठरवलं असेल.

घरी आल्यावर अम्मीने तुझी जुनी निळी ओढणी काढली, आत कापूस घातला आणि मशीनवर गोधडीसारखी पिशवी शिवली. मी त्यात डिस्क घालून, स्कूटरच्या डिक्कीत ठेवून, रेल्वे फाटकावरून पाच-सहा चकरा मारल्या. फाटकवाला विचारू लागला, भाऊ, काही हरवलं काय? परत येऊन लावली तर डिस्क ठणठणीत. अम्मी म्हणाली, तुमची कंबर बघा आधी.

आता तुझ्या लक्षात आलंच असेल, तरी लिहितो. पिशवीत ती डिस्क आहे. शनिवारी झालेलं वामनरावांचं दुसरं नाटक तिच्यावर अख्खं उतरवलं आहे, एक क्षणही कापलेला नाही. आलापल्लीवरून जाणाऱ्या अहेरी एसटीचा कंडक्टर चैतू आपल्या ओळखीचा आहे, तो स्वतःच्या मांडीवर पिशवी घेऊन येतो म्हणाला. तू काम करून त्याच गाडीने परत पाठवायचीस. आकिबमियाँना मी आधी फोनवर विचारलं, तर ते म्हणाले, झेरॉक्सच्या दुकानातला कॉम्प्युटर संध्याकाळी रिकामाच असतो, आणि उमेरा टीव्हीशी बोलणं तरी थांबवेल. जावई मला एकदम पसंत पडला. पण हो म्हणायचं की नाही, ते तुझं तू ठरव. सीडीच्या वेष्टनावर यापुढे ‘चित्रीकरण कमरुद्दीन, संकलन उमेरा’ असं येईल, आणि कमाईत तुझा वाटा असेल. अजून एक. चौथ्या टेपेत नायिकेचं गाणं ऐन रंगात येतं आणि पेटीवाला थांबतो. कॅमेरा थोडा हलला आहे, कारण मी त्या वेळी एका हाताने तो धरून दुसऱ्या हाताने रंगमंचावर बक्षीस पोचवत होतो. माइकवर वामनराव स्वतः पुकारतात, “आलापल्लीवरून, आपली सारी नाटकं जोडणारी उमेरा, हिच्याकडून बक्षीस.” लोकांनी टाळ्या वाजवल्या, डोमाने सगळ्यात जोरात. बाकी नाटक तुझ्या मनासारखं काप, बाळा. तेवढं मात्र कापू नकोस.

तुझाच,
अब्बा