पहिल्या पाळीचे मित्र

सिल्वासा, सोमवार

ती. विजयाताईस,

साष्टांग नमस्कार. (गुडघा धरल्यामुळे एकच अंग टेकलं आहे, बाकीची सात पोचली असं समज.) तुझा रक्तदाब, भावोजींचा खोकला आणि परसातला फणस हे तिघेही मर्यादेत असतील अशी आशा. फोनच करणार होतो, पण फोनवर तू मला दुसऱ्या वाक्यालाच गप्प करतेस, कागदावर ती सोय नाही. इकडे मी खुशाल आहे, म्हणजे अजून नोकरीत आहे. ती अब्रूनिशी कशी राहिली, त्याची ही हकीकत.

माझ्या सातवीच्या वर्गात गुड्डी नावाची मुलगी आहे. जन्मापासून पाय साथ देत नाहीत, चाकांच्या खुर्चीतून येते. जिभेला मात्र कसलाच आधार लागत नाही. वडील नवनाथभाऊ मूळचे धुळ्याकडचे, मसाटच्या कारखान्यात आहेत. तर वरून पत्रक आलं, की दिव्यांग विद्यार्थ्यांना वर्गमित्रांची साथ मिळावी. मुख्याध्यापकांनी ते वाचलं, घडी घातली आणि ज्याचा तास रिकामा होता त्याच्या हातात ठेवलं (रिकामा तास हा आमच्याकडे गुन्हा आहे). आता मी उभ्या जन्मात ठरवून मैत्री केलेली नाही. म्हणून सरळ तक्ता केला: बारा सद्वर्तनी मुलं, रोज दोघं, एक मधली सुट्टी संपेपर्यंत, एक नंतर. सरिताचं नाव मुद्दाम वगळलं, कारण ती भांडखोर.

पण या पोरांचे आईबाप सायली-नरोलीच्या कारखान्यांत पाळ्या करतात, हे मी विसरलो. दोन दिवसांत मैत्रीचीही पहिली पाळी, दुसरी पाळी झाली. मधली सुट्टी संपल्याची घंटा झाली की एक मित्र म्हणे ‘चार्ज दिला’, दुसरा म्हणे ‘चार्ज घेतला’. दप्तर उचल, पाणी आण, पेन्सिलीला टोक कर (तिच्या हातांना काय झालं होतं देव जाणे). गप्पा तेवढ्या कुणी मारीना. त्या तक्त्यात नव्हत्या.

गुरुवारी तुषार तिला मैदानातून आणत असताना अर्ध्या वाटेत घंटा झाली. पुढच्या पाळीची श्रुती गैरहजर. ‘माझी पाळी संपली,’ असं म्हणून तुषारनं खुर्चीला ब्रेक लावला (सुरक्षेचा नियम!) आणि वर्गात येऊन बसला. चाकं मुरमात रुतलेली. गुड्डी अख्खा भूगोलाचा तास उन्हात होती. भूगोल मीच शिकवत होतो, ताई. तिची रिकामी जागा मला दिसली नाही. एवढं एक वाक्य हसून लिहिता येत नाही.

शुक्रवारपासून ती आलीच नाही. मंगळवारी नवनाथभाऊंचा निरोप: पोरगी शाळेत जायला नाही म्हणते, तिला गावी आजीकडे ठेवतो, नाव कमी करा. मी तसाच मसाटला धावलो. खोलीत पाहतो, तर कॅरमच्या एका बाजूला गुड्डी, दुसऱ्या बाजूला सरिता, आणि दोघींच्या तोंडी ‘चीटर! तूच चीटर!’ सरिता रोज शाळा सुटल्यावर येत होती म्हणे. मी शाबासकी दिली, तर म्हणाली, ‘कसली शाबासकी सर? हिनं माझी राणी ढापलीय, ती वसूल करायला येते.’

मी माफी मागितली. (पंचवीस वर्षांच्या नोकरीत पहिलीच, त्यामुळे नीट जमली नाही.) गुड्डी म्हणाली, ‘सर, मी काय मशीन शे का? दर पाळीले नवा ऑपरेटर!’ नवनाथभाऊ चहा ओतता ओतता थांबले.

‘मग काय पाहिजे, बेटा?’ मी विचारलं.

‘तो तक्ता फाडा. आनि खो-खोमा माले बी घ्या.’

‘खो-खोत तू काय करशील?’ हे माझ्या तोंडून निसटलंच. सरिता फिसकन हसली, माझ्यावर.

‘पंच व्हसू. नियम कोनले पाठ शेतस, सर? तुमाले?’

मला नव्हते.

तक्ता फाडला. दुसऱ्या दिवशी गुड्डी शिट्टीसकट हजर! सरिता आधी ‘ढकलू का?’ विचारते, आणि ‘नको’ म्हटलं तर खरंच ढकलत नाही (वरच्या पत्रकात हे कुणाला सुचलं नव्हतं). पहिल्याच सामन्यात गुड्डीनं तुषारला दोनदा बाद दिलं आणि सरिताला तीनदा. दोघी दोन दिवस बोलत नव्हत्या. मी मध्ये पडायला गेलो, तर दोघींनी मिळून मलाच बाहेर काढलं. थोडक्यात, सर्व क्षेम.

तुझा धाकटा,
श्रीकांत

ता. क. १ : पुढच्या शनिवारी शिक्षक विरुद्ध सातवी असा खो-खोचा सामना आहे. पंच तीच. माझं पोट तू पाहिलं आहेस. तरी हे मिळताच ‘प्रकृती गंभीर, ताबडतोब निघून ये’ एवढा मजकूर मोबाईलवर धाड (मुख्याध्यापकांना दाखवायचा आहे, हसरी तोंडं घालू नकोस). खरं तर पत्र एवढ्याचसाठी.

ता. क. २ : सरिताला डिंक आणायला सांगून मी हात धुवायला गेलो, पत्र वर्गातल्या टेबलावर उघडंच राहिलं. खालचा मजकूर माझा नाही.

विजयाताई, तुम्ही आजारी पडू नका. सर पळायला घाबरतात. मी त्यांना उगाच बाद देणार नाही, नियमाने देणार. सामना बघायला या. – गुड्डी, पंच
(पत्र आधी मी वाचलं. – सरिता)
(खोटं. – पंच)