विरजणाएवढं जुनं तेल

अप्पा, काल तुमच्या मोटारसायकलचं तेल बदललं. सगळं बदललं, थेंबही आत ठेवला नाही. तुम्ही असता तर दोन दिवस माझ्याशी बोलला नसता, हे माहीत होतं. तरी केलं.

तुमची पद्धत मी विसरलेले नाही. रविवारी सकाळी गल्लीत एक चक्कर मारून इंजिन गरम करायचं, खाली घमेलं सरकवायचं आणि नट ढिला करायचा. काळं तेल धारेनं पडू लागतं. तुम्ही उकिडवे बसून धारेकडे बघता, आणि ती बारीक व्हायच्या आधीच नट परत आवळता. वाटीभर जुनं तेल आतच. त्यावर नवीन. "विरजण लागतं," तुम्ही म्हणायचात. पिशोरला गुरामेंढरांत वाढलात, चितेगावच्या कारखान्यात इतकी वर्षं मशीन चालवलं, पण दुधाचा नियम इंजिनाला लावणं काही सोडलं नाही. मी डिप्लोमाला असताना एकदाच बोलले. म्हटलं, "अप्पा, सगळं काढा ना. घाण त्यातच राहते, ती नव्या तेलात कशाला कालवता?" तुम्ही वरही बघितलं नाही. "दोन बुकं शिकली म्हनून इंजिन तुझं ऐकंल व्हय? नव्या तेलाला या गाडीचं काय कळतं? जुनं असलं की ते त्याला शिकवतं." स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "ते काय बी शिकवू द्या, आधी माझं नरसाळं द्या." तुम्ही हसलात. मी नाही. त्यानंतर गाडीचा विषय मी तुमच्यापुढं कधी काढला नाही, तुम्ही गेलात तोवर.

यंदा उन्हाळा लागला आणि गाडी लगेच तापायला लागली. आवाजही कोरडा येऊ लागला. मी तेल बदलते म्हटल्यावर दादानं पिशोरहून फोनवर बजावलं, "अप्पा ठेवायचे तेवढं ठेव. सगळं काढलं आन् इंजिन जाम झालं, तर त्यांची एवढी एक वस्तू तू घालवली, असं मी समजंन." मी बरं म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही. दुकानात गेले तर दुकानदार महागडं सिंथेटिक पुढं करतो. "मॅडम, एकदम भारी माल." मी सांगितलं, हे पातळ आहे. माझं इंजिन जुनं आहे, पाण्यावर नाही, वाऱ्यावर थंड होतं. आपल्या उन्हात असं तेल टिकायचं नाही. "मग म्हाताऱ्या लोकांचं देतो," तो म्हणाला आणि मी मागितलेलं वीस-पन्नास नंबरचं दाट, साधं तेल काढून दिलं. दाट तेलच हवं, हे तुमचं म्हणणं बरोबर होतं. ते मी पाळलं. चूक आहे ते पाळणार नाही.

धार संपू दिली. मग थेंब. गाडी दोन्ही बाजूंना कलवून पाहिली. आतली तेल गाळायची जाळी काढली तर तिच्यावर काळा चिखल, बोटांत चोळला की कचकच लागणारा. धातूचा भुगा होता तो. अप्पा, तुमचं विरजण हे. दुधाचं दही होतं, तेलाचं काहीच होत नाही, ते फक्त जळतं आणि झिजलेलं लोखंड सोबत घेऊन फिरतं. मला राग आला. तुमचा, आणि तुमच्यापुढं गप्प बसणाऱ्या आम्हा सगळ्यांचा. जाळी रॉकेलमध्ये धुतली, वॉशर बदलला, नवं तेल भरलं. आत सुटलेली घाण त्यात उतरेल म्हणून हेही लवकरच काढणार आहे. तेही सगळं.

आज सकाळी गाडी पिशोरला नेली. चढावर दम लागला नाही, आवाज भरीव होता. वाटेत कुठं थांबावं लागलं नाही. दादा शेतातून आला, इंजिनाजवळ तळहात धरून उभा राहिला, बराच वेळ ऐकत राहिला. मग म्हणाला, "थोडं ठेवलं व्हतं ना जुनं?"

मी हो म्हणून मान हलवली. "मंग," तो म्हणाला, "अप्पाला कळत व्हतं," आणि खुशीत चहा सांगायला आत गेला.

हे कुणाला पाठवायचं नाही, म्हणून इथं स्पष्ट लिहिते: तुम्ही चुकलात. उद्या विचारलं तरी हेच म्हणेन. फक्त दादाच्या तोंडावर म्हणता आलं नाही.