राजकन्येचा खोकला

बाई, गेल्या मंगळवारी मी राजकन्या झाले. हसू नका. बासष्टाव्या वर्षी, गुडघ्याला पट्टा बांधून, नोएडातल्या एका स्टुडिओत कानांवर हेडफोन चढवून झाले. एक कार्टून सिनेमा मराठीत येतोय, त्यासाठी आवाज हवे होते. मी गेले होते सावत्र आईच्या कामासाठी; मानेसरच्या कारखान्यात तीस वर्षं कामगारांच्या रजा नामंजूर केल्यावर दुसरं काय मिळणार? पण यातली राजकन्या घोड्यावर बसून सैन्याला हुकूम सोडते, आणि आलेल्या सगळ्या मुलींचा हुकूम म्हणे कोल्ड कॉफी मागवल्यासारखा येत होता. माझ्या पहिल्याच ‘पुढे चला!’ला काचेपलीकडचा डायरेक्टर, पुण्याहून आलेला तरुण, खुर्चीत ताठ बसला.

हुकूम तासाभरात उरकले. मग राजकन्या मैत्रिणीची माफी मागते तो प्रसंग आला. ‘माझं चुकलं.’ दोन शब्द. मी अकरा वेळा म्हटले. “मॅडम, तुम्ही माफी मागताय, नोटीस नाही बजावत.” “मग कशी मागू?” “कधीतरी मागितली असेल ना यार... सॉरी, मॅडम.” “नाही.” बाहेरच्या बाकावर एक विशीतली मुलगी बसवून ठेवली होती. जेवणाच्या सुट्टीपर्यंत मला जमलं नाही तर राजकन्या तिची. मला हे काम हवं होतं, बाई. किती हवं होतं ते त्या बाकाकडे बघून कळलं.

बाराव्या वेळी पडद्यावर राजकन्येचे ओठ हलले आणि मी बोललेच नाही. नुसती तोंडाची उघडमीट, आवाज नाही. बघता बघता मी कँटातल्या, त्या लष्करी छावणीतल्या, गणपतीच्या मांडवात जाऊन पोचले. तुम्ही दर रविवारी फौजी क्वार्टर्समधली मराठी मुलं गोळा करून शिकवायचात, आणि त्या वर्षी आमचं नाटक बसवलं होतंत. राजकन्या होती सुभेदारांची मुलगी. देखणी, पण वाक्य पाठ होईल तर शपथ. “ती ओठ हलवेल, तू पडद्यामागून बोल,” तुम्ही फर्मावलंत. मी विचारलं, मीच का नको? “तू उभी राहिलीस की राजकन्या नाही, गेटवरचा बंदूकवाला संत्री वाटतेस.” खरंच होतं. अजूनही तशीच उभी राहते.

मांडव भरलाय. ऐन स्वयंवरात, तिच्या सगळ्यात मोठ्या वाक्याला, मी थांबते. ती तोंड उघडते, मिटते, पुन्हा उघडते. आधी एक जवान हसतो, मग सगळी पलटण. ती रडत पळते. तुम्ही धावत पडद्यामागे येता आणि मी खोकते. “अगं, घसा बसला होय? आधी सांगायचं नाही का!” पुढे महिनाभर दर रविवारी तुम्ही माझ्यासाठी खडीसाखरेची पुडी आणलीत. ती मुलगी शिकवणीला पुन्हा आली नाही. तुम्ही दोनदा तिच्या घरी जाऊन आलात.

“मॅडम? ठीक आहात ना?” “चालव,” मी म्हटलं, आणि पडद्यावरच्या त्या हलणाऱ्या तोंडाला सांगितलं, माझं चुकलं. काचेपलीकडून तो ओरडला, “बिल्कुल हेच! कुठून आणलंत?” मी म्हटलं, “कँटातून.” त्याला काही कळलं नाही. बाकावरची मुलगी घरी गेली.

हे पाठवायला तुम्ही कुठे नाही, आणि असतात तरी पाठवलं नसतं. लाल पेनाने तपासून परत केलं असतंत. तरी एक लिहून ठेवते. घसा बसलेला नव्हता, बाई. तुम्हाला बहुधा कळलं असेल, अशी इतकी वर्षं मी स्वतःची समजूत घालत आले. नसेल कळलं. कळलं असतं तर खडीसाखर मिळाली नसती. ती मी सगळी खाल्ली.